२६ मिलिमीटर

पहाटे ५.१५

पोहण्याच्या तलावाच्या काठावर बॅटरी घेऊन पालथा झोपलोय. शिडीच्या नळीला स्टीलची पट्टी बांधलेली आहे. तिच्यावर पाणी नेमकं कुठं टेकतं ते बघायचं, तर डोळा पाण्याच्या रेषेत आणावा लागतो. वरून बघितलं की २-३ मिलिमीटर सहज चुकतात. शेजारी, पायरीवर, दगड घालून बुडवलेली बादली आहे. बादलीतलं पाणी आणि तलावातलं पाणी, दोघांवर ऊन तेच, वारा तोच. बादलीला गळती नाही. म्हणून तिच्यातलं जेवढं उतरलं तेवढं वाफ होऊन गेलं. तलावात त्याहून जास्त जे उतरलं, ती गळती.

गेल्या २४ तासांत बादली ६ मिलिमीटर उतरली, तलाव ३२. फरक २६.

परवा पंप दिवसभर चालू ठेवून हेच माप घेतलं होतं, तेव्हा फरक २७ आला. काल पंप पूर्ण बंद होता. पाणी परत सोडणाऱ्या पाइपात कुठं भोक असतं, तर पंपाच्या दाबानं परवा नुकसान बरंच जास्त दिसलं असतं. ओढणाऱ्या पाइपात असतं, तर काल जास्त दिसलं असतं. दोन्ही दिवस जवळजवळ सारखंच, म्हणजे पाइपांवरचा संशय बराचसा उतरला. गळतंय ते कवचातून, किंवा कवचात बसवलेल्या कशाच्या तरी कडेनं.

तलाव लहान आहे, १२.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. पृष्ठभाग ७५ चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाणी म्हणजे ७५ लिटर. २६ मिलिमीटर म्हणजे रोज १,९५० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. १४ माणसांचं पाणी आम्ही रोज जमिनीत सोडतोय, आणि तेही एप्रिलात.

वहीत आकडे लिहिले. हात थरथरत नव्हता, पण मन शांत होतं असंही नाही. हा तलाव बांधताना आमच्या संस्थेच्या वतीनं देखरेख करणारा मीच होतो.

६.००

घरी जायच्या आधी गांधी मैदानाला एक फेरी मारली. शिवाजी पेठेतली माणसं इथं चालायला येतात, पोरं फुटबॉल घेऊन येतात. पावसाळ्यात या मैदानात पाणी साचतं आणि दरवर्षी त्यावरून आरडाओरड होते. पण पाणी आपल्या जुन्याच जागी येऊन बसतंय. इथं पूर्वी वरुणतीर्थ होतं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. रंकाळा, कोटितीर्थ अशी काही राहिली, बरीचशी बुजली. कपिलतीर्थावर आता भाजी मंडई भरते, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आहे. वर माती टाकली तरी खालची जमीन आपलं वळण सोडत नाही. झिरपणारं पाणी जुन्या खोलगटाकडेच जातं.

या पेठेत जमीन खणणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. नकाशावर गल्ली दिसते, घर दिसतं, बुजलेलं तळं दिसत नाही.

७.००

संस्थेच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून मामींचं घर आहे. जुनं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, खाली दगडी जोतं. तक्रार पहिल्यांदा त्यांचीच आली. त्यांच्या तक्रारीमुळंच मी पट्टी लावून बसलो, नाहीतर आम्ही रोज नळी लावून तलाव भरत राहिलो असतो.

“आलासा व्हय? बघा, कालच्यापेक्षा वर चढलीया.”

देवघराच्या मागच्या भिंतीवर ओलीची रेघ वीतभर वर सरकली होती. मातीच्या भिंतीला पाण्याचं भय सगळ्यात मोठं. सिमेंटची भिंत ओलीनं खराब दिसते. मातीची भिंत आतून मऊ होते, आणि एक दिवस स्वतःचं वजनसुद्धा तिला पेलवत नाही.

मागच्या दारी, मोरीपलीकडं, मी तीन दिवसांपूर्वी एक खड्डा घेतला होता. त्यात जमिनीपासून अडीच फुटांवर पाणी उभं आहे. ते कुठलं, हा प्रश्न. गटारीचं असेल तर वास येईल, आणि वास नाही. मग नळाचं की तलावाचं? क्षार मोजायचं छोटं यंत्र खिशात असतं. नळाच्या पाण्याचा आकडा ७० आला. धरणाचं पाणी असंच हलकं असतं. काळम्मावाडीहून सुमारे ५३ किलोमीटर पाइपातून ते २०२३ पासून शहरात येतंय. आमचा तलाव भरलाय बोअरच्या पाण्यानं, त्याचा आकडा ६१०. खड्ड्यातल्या पाण्याचा ६४०.

मातीतून जाताना पाणी थोडे क्षार घेतं, त्यामुळं एवढ्यावर मी शिक्का मारत नाही. पण बोट तलावाकडंच दाखवतंय.

मामींनी चहा दिला. “दुरुस्त हुईल न्हवं?” एवढंच विचारलं. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

८.३०

संस्थेच्या खोलीत बैठक. अध्यक्ष, ठेकेदाराचा माणूस, मी. उन्हाळी शिबिराला मुलांची नावं लागली आहेत, काही पालक चौकशीला दारात येऊन गेलेत. या गावात पोहणं ही हौसेपेक्षा मोठी गोष्ट आहे. पाठीला सुका भोपळा बांधून आज्ज्यानं नातवाला विहिरीत ढकलायचं, तिथपासून ते वीरधवल खाडेपर्यंत. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेलेलं, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलेलं पोरगं कोल्हापूरचं. जलतरणात देशाला तसं पदक २४ वर्षांनी मिळालं होतं. त्यामुळं आमच्या छोट्या तलावाकडंही पेठेतले आईबाप मोठ्या डोळ्यांनी बघतात.

ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. “आजच्या आज सगळा रिकामा करू, फरशीच्या सगळ्या सांधी खरवडून नवीन भरू, वर एक कोट मारू. चार दिवसांत मोकळं.”

अध्यक्षांना ते पटत होतं. मी नाही म्हटलं.

सांधीतून गळतंय हे कुणी बघितलंय? फरशी आणि तिच्या सांधीतला मसाला पाणी अडवण्यासाठी नसतोच. पाणी अडवतं मागचं काँक्रीट आणि त्यावरचा जलरोधक गिलावा. सांधी भरल्यानं भोक तात्पुरतं झाकेल, आणि पावसाळ्यात दुसऱ्या जागी वाट काढेल.

त्याहून मोठं कारण वेगळं. तलाव पूर्ण रिकामा करायला मी तयार नाही. कागद घेतला आणि दोघांना मांडून दाखवलं. खोल बाजूला पाणी १.३५ मीटर. खाली ५ सेंटिमीटरचा थर आणि २० सेंटिमीटरचा स्लॅब. स्लॅबचा तळ जमिनीखाली १.६० मीटरवर. बाहेरच्या खड्ड्यात पाणी अडीच फुटांवर, म्हणजे ७६ सेंटिमीटरवर. म्हणजे स्लॅबच्या तळावर ८४ सेंटिमीटर पाण्याचा दाब खालून वर येतोय, दर चौरस मीटरला ८४० किलो. स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साधारण ५००. आत पाणी आहे तोवर ते वरून दाबून धरतं, काळजी नाही. पाणी काढलं की तलाव हा एक मोठा रिकामा डबा. भिंतींचं वजन धरलं तर कदाचित तो जागचा हलणार नाही. पण तळाला तडा जायला हलावंच लागतं असं नाही. या ‘कदाचित’वर नवीन तलाव पणाला लावायचा का?

अध्यक्षांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. “मग काय करायचं म्हणता?”

“आधी भोक शोधू. दुपारपर्यंत द्या मला.”

१०.००

तलावातल्या दिव्यांचा पुरवठा मुख्य बोर्डावरून तोडला आणि बोर्डाला कुलूप घातलं. चावी माझ्या खिशात. दिवे १२ व्होल्टचे आहेत तरी हे करायचंच. पाण्यात माणूस उतरणार असेल तर विजेला विश्वासावर सोडू नये.

पंप कालपासून बंद, पाणी आरशासारखं स्थिर. पोटॅशियम परमँगनेटचे चार-पाच खडे बाटलीभर पाण्यात विरघळवले, गर्द जांभळा रंग झाला. बिनसुईच्या सिरिंजमध्ये तो भरला, डोळ्यांना चष्मा लावला आणि हळूच उतरलो. हळू म्हणजे खरोखर हळू. आपल्याच हालचालीनं पाणी ढवळलं तर रंग कुठंही धावतो आणि खोटी साक्ष देतो.

पाणी आत सोडणारी चार तोंडं आहेत. प्रत्येकापाशी एकेक थेंब सोडला. रंग ढगासारखा फुगला आणि तिथंच विरला. तळाच्या जाळीपाशी श्वास रोखून खाली गेलो, तिथंही तेच. शिडीच्या चार पायांपाशी काही नाही. मग तळ आणि भिंत मिळतात तो कोपरा. इथं काँक्रीट दोन वेळा ओतलेलं असतं, म्हणून मधे वॉटरस्टॉपची पट्टी घालतात. ती दुमडली गेली तर तिथून पाणी जातं. उत्तरेकडून सुरू करून फूट-फूट सरकत गेलो. पाऊण तास गेला. वर काठावर बसलेला आमचा प्लंबर पोरगा काही न बोलता बाटली भरून देत होता.

दक्षिणेच्या भिंतीत दोन दिवे आहेत. पहिल्यापाशी रंग नुसता तरंगला. दुसऱ्यापाशी सिरिंज धरली, थेंब सोडला, आणि तो ढग झालाच नाही. धाग्यासारखा लांब झाला आणि दिव्याच्या चौकटीच्या खालच्या कडेतून आत गेला. पुन्हा सोडला, पुन्हा गेला.

“दादा, ओढतंय बघा! वरनं दिसतंय मला!”

दिव्याचे स्क्रू काढून दिवा वायरीसकट काठावर घेतला. मागच्या डब्यात वायरीच्या नळीच्या तोंडापाशी रंग सोडला, तर तो जेमतेम हलला. डब्याच्या खालच्या अंगाला, डबा आणि काँक्रीट यांच्यामधे सोडला, तर सरळ आत. गळती नळीतून नाही, डब्याच्या भोवतीनं होती.

आणि पाण्यात छातीइतका उभा असताना मला सगळं आठवलं.

११.१५

कपाटातून चाचणीची वही काढली. डिसेंबरातली. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या टाक्यांसाठी आपल्याकडं भारतीय मानक ३३७० आहे. टाकी भरायची, काँक्रीटला पाणी पिऊ द्यायला ७ दिवस थांबायचं, आणि मग पुढचे ७ दिवस दर २४ तासांनी पातळी लिहायची. वरून झाकलेली, जमिनीतली टाकी ७ दिवसांत ४० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली नाही तर ती सहसा पक्की मानतात. उघड्या टाकीत वाफ धरून निर्णय अभियंत्यानं घ्यायचा. आम्ही हे सगळं केलं होतं. माझ्याच अक्षरात सात ओळी आहेत, ७ दिवसांत तलाव २७ मिलिमीटर, बादली २५. खाली माझी सही.

ती चाचणी खरी होती. पण दिवे नंतर सुचले. जानेवारीत ठरलं की संध्याकाळच्या तुकड्यांसाठी पाण्यात उजेड हवा. तयार, तपासलेली भिंत दोन ठिकाणी फोडली, डबे बसवले, भोवती मसाला भरला, वर फरशी लागली. उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. पुन्हा १४ दिवस मागायला हवे होते, ते मी मागितले नाहीत. वही बंद करून ठेवली होती आणि तिच्यावर विसंबलो होतो. भिंत फोडल्यावर ती वही त्या भिंतीची राहिलीच नव्हती.

अध्यक्षांना खोलीत जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शिबिर पुढं ढकलू. पालकांना मी बोलतो.”

११.४५

पाणी ६५ सेंटिमीटर खाली घ्यायचं, म्हणजे डब्याची खालची कड उघडी पडेल. खोल बाजूला तरीही ७० सेंटिमीटर पाणी राहतं, चौरस मीटरला ७०० किलो. स्लॅब धरून १,२०० खाली आणि ८४० वर. हा हिशोब मला चालतो.

६५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४९ हजार लिटर. एवढं पाणी गटारीत सोडायला जीव धजत नाही. तीन दिवस क्लोरीन टाकलेलं नाही, वर कडक ऊन. चाचणीच्या नळीत थेंब टाकले तर पिवळा रंग आला नाही, म्हणजे झाडांना धोका नाही. गल्लीत टँकर वळत नाही, म्हणून २०० फूट पाइप रस्त्यापर्यंत ओढला. दोन टँकर मैदानावर धूळ दाबायला गेले, दोन एका बांधकामाच्या स्लॅबवर मारायला. उरलेलं आवारातल्या झाडांना आणि शेजारच्या दोन घरांच्या परसात.

१.४५

भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा. काठावरच, पंपाच्या आवाजात. गवंडी अण्णा जेवता जेवता म्हणाले, “आमच्या आज्ज्यानं हौद बांधलेला. चुन्यात गूळ-हिरडा घालून. थेंब गळाला न्हाई कवा.” मी त्यांना मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाबद्दल सांगितलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, जवळजवळ १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे आमच्याच तलावाच्या मापाचं. विटा घट्ट बसवून, जिप्समचा मसाला वापरून, मागून डांबराचा थर दिलेला. अण्णांनी घास हातात तसाच धरला. “डांबर मागच्या अंगानं? बरोबर हाय. अडवायचं ते मागंच अडवाय पायजे.”

२.३०

डब्याभोवतीची फरशी अण्णांनी छिन्नीनं इतकी अलगद काढली की दोनच फुटल्या. आतला मसाला हाताच्या मुठीत आला. वाळू जास्त, सिमेंट कमी, आणि जुन्या काँक्रीटला तो धरलेलाच नव्हता. जुनी बाजू खरवडून, धुऊन, चिकट द्रव लावूनच नवीन मसाला भरायचा असतो. इथं कोरड्या, धुळीच्या खबदाडीत गोळे कोंबलेले दिसत होते. त्याच्या मागं काँक्रीट मधाच्या पोळ्यासारखं पोकळ. भिंत फोडताना बसलेल्या घावांनी ते आणखी सैल झालेलं.

मग एक गोष्ट घडली, ती मी याआधी कधी बघितली नव्हती. त्या पोकळीतून पाणी आत येऊ लागलं. महिनाभर बाहेर जाऊन भिंतीमागची माती तुडुंब झाली होती. तलावाची पातळी उतरल्यावर तीच माती आता पाणी परत देत होती, गढूळ, बोटभर धारेनं. आम्ही चौघं नुसते बघत उभे राहिलो. अण्णांनी हात पुढं करून ते ओंजळीत घेतलं.

तासभर ते वाहू दिलं. धार थेंबांवर आली तेव्हा कामाला लागलो. सैल होतं तेवढं सगळं काढून, चांगलं काँक्रीट लागेपर्यंत मागं गेलो. जवळजवळ पाच बोटं खोल. ओल्या जागेतही मिनिटा-दोन मिनिटांत घट्ट होणाऱ्या सिमेंटचा गोळा, हातात गरम लागू लागला की दाबून धरायचा. अण्णांनी तो तळव्यानं दाबला आणि डोळे मिटून उभे राहिले. थेंब थांबले. त्यावर न आकसणारा मसाला थरानं भरला. डब्याच्या कडेला सीलंटसाठी खाच मोकळी ठेवली, ती पूर्ण सुकल्यावर भरायची. वायरीच्या नळीचं तोंडही बंद करायचं ठरवलं, तिथं रंग थोडा का होईना हलला होता. पहिला दिवासुद्धा काढणार. तो आज गळत नाही, पण बसवलाय त्याच हातांनी, त्याच आठवड्यात.

ठेकेदाराच्या माणसानं फोटो काढले. सकाळी तो घाईत होता. आता स्वतःहून म्हणाला की दुसऱ्या दिव्याचं काम त्याच्या खर्चानं होईल. ते मी वहीत लिहून घेतलं.

६.००

पट्टी खाली सरकवून बांधली. नवीन पातळी लिहिली. बादली पुन्हा दगड घालून बुडवली. भोक आता पाण्याच्या रेषेच्या वर आहे. म्हणजे आणखी कुठं गळत असेल तर ते याच पाण्यात कळेल. पाणी आता उतरता कामा नये, वाफेपेक्षा जास्त नाही.

७.३०

मामींकडं गेलो. खड्ड्यातलं पाणी दोन इंच खाली गेलं होतं. मी त्यांना दिव्याचं, जानेवारीचं, माझ्या सहीचं, सगळं सांगितलं. जोत्याच्या कडेनं चर काढून वाळू-खडी भरून देऊ, भिंत सुकली की खालचा भाग पुन्हा मातीनंच लिंपून देऊ, सिमेंट लावायचं नाही. मातीच्या ओल्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आतच कोंडते आणि वर चढते.

“माती कुठली आणणार?” त्यांनी विचारलं. “ही भिंत माझ्या सासूबाईंनी लिंपलेली. तसली पांढरी माती आता घावत न्हाई.”

अण्णांच्या गावी एक पडकं घर उतरवताहेत. तिथली आणू म्हटलं. त्या उठल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

रात्री १०.१०

पुन्हा बॅटरी, पुन्हा पालथा. गल्ली निजायला लागलीय. कुठंतरी तालमीच्या कट्ट्यावर पोरं मॅचवर बोलताहेत. संध्याकाळी ६ पासून चार तास झाले. जुन्या वेगानं गळत असतं, तर पट्टीवर ४ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला असता. बॅटरी आडवी धरली, डोळा रेषेत आणला. पाणी सहाच्या खुणेवरच होतं. कदाचित केसभर खाली, आणि बादलीतही केसभर खालीच.

नवीन वही उघडली. पहिल्या पानावर आजची तारीख, भिंत कुठं फोडली त्याचं चित्र मापांसकट, आणि खाली १४ रिकाम्या ओळी आखल्या. मसाला पुरता सुकून, सीलंट भरून, तलाव पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत त्यातली पहिली ओळ लिहायची नाही. गजर ५.०० चा लावला.